बाग-सल्ला : पांढरा यारो, बियांपासून फुलदाणीपर्यंत

थंडीच्या तोंडावर या सदराकडे येणाऱ्या पत्रांत यंदा पांढऱ्या यारोची, म्हणजे ॲकिलियाची, बरीच चौकशी आहे. शेवंतीच्या कुळातली ही बहुवर्षायू वनस्पती. एकदा लावली की त्याच गड्ड्यातून वर्षानुवर्षे फुटते. बारीक पांढऱ्या फुलांचे सपाट झुपके येतात आणि जिप्सोसारखी भर म्हणून ते गुच्छात चालतात. मूळची ती थंड, समशीतोष्ण मुलखातली. आपल्याकडे काश्मीर ते कुमाऊँच्या पहाडात ती आपोआप उगवते. नाशिकची थंडी तिला मानवते, पण आपल्या काही शेती-सवयी तिला मानवत नाहीत. पत्रांतल्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू झालेल्या दिसतात.

प्रश्न : ९८ कप्प्यांच्या ट्रेमध्ये कोकोपीट भरून बी टाकले, वर कोकोपीटचा पातळ थर दिला. टोमॅटोच्या रोपांसारखे ट्रे एकावर एक रचून चार दिवस काळ्या प्लास्टिक कागदात झाकले. तीन आठवडे झाले, शंभरात पाचही उगवले नाहीत. बी खराब निघाले का? — पिंपळगाव बसवंत

बहुधा बी चांगले असावे, त्याला उजेड मिळाला नाही. यारोचे बी उजेडात रुजते. टोमॅटो, मिरची, कोबी यांच्या बियांना अंधार आणि ऊब चालते, म्हणून रोपवाटिकेत ट्रे रचून झाकायची पद्धत पडली. यारोसाठी ती उलटी पडते. त्यातून बी इतके बारीक की एका ग्रॅममध्ये साधारण सहा हजार दाणे बसतात. एवढ्याशा दाण्यात साठवलेले अन्न अर्धा सेंटिमीटर थर फोडून वर यायला पुरत नाही.

पुन्हा टाकताना असे करा. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या, कारण न धुतलेल्या कोकोपीटच्या विटेतले क्षार कोवळ्या मुळाला जाळतात. तीन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेले गांडूळखत आणि एक भाग बारीक धुतलेली वाळू एकत्र करा. ट्रे भरून पाणी द्या, निथळू द्या आणि मगच बी टाका. चिमूटभर बी दहा चिमटी कोरड्या बारीक वाळूत मिसळले की हाताला अंदाज येतो. प्रत्येक कप्प्यात दोन-तीन दाणे पडू द्या, बोटाने किंवा पाटीच्या तुकड्याने हलके दाबा आणि तसेच उघडे ठेवा. वर माती नको, कोकोपीट नको, राख नको.

ओल टिकवायला ट्रेवर पारदर्शक प्लास्टिक ताणा. ट्रे रचू नका. ५० टक्के शेडनेटखाली, थेट दुपारचे ऊन लागणार नाही अशा जागी एका थरात मांडा. झारीने पाणी घातले तर बी वाहून कप्प्याच्या कोपऱ्यात गोळा होते, म्हणून ट्रे उथळ पाण्यात दहा मिनिटे बुडवून खालून ओलावा द्या किंवा बारीक तुषाराचा हातपंप वापरा. १८ ते २२ अंश तापमानात ७ ते १४ दिवसांत उगवण होते. हिरवे ठिपके दिसायला लागले की प्लास्टिक त्याच दिवशी काढा. दोन दिवस जास्त राहिले तर रोपे लांबुडकी होतात आणि मानेशी सडून आडवी पडतात.

ही मर यारोत फार लवकर येते. पाणी सकाळीच द्या. संध्याकाळी वरचा थर कोरडा दिसला पाहिजे. ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पावडर ट्रे भरण्यापूर्वीच कोकोपीटमध्ये मिसळून ठेवली तर मर लागायची वाट पाहावी लागत नाही. रोपांना दोन खरी पाने आली की कप्प्यात एकच जोमदार रोप ठेवून बाकीची कात्रीने कापा. उपटायला गेलात तर शेजारचे मूळ हलते.

उरलेले बी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. उन्हाळाभर पत्र्याच्या शेडमध्ये पडलेल्या बियांची उगवण झपाट्याने घटते.

प्रश्न : बी कधी टाकावे? आणि एका गुंठ्याला किती लागेल? — दिंडोरी

द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीची कामे आटोपत येतात तो काळ बरोबर. १० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर. तेव्हा रात्री थंडावतात आणि दिवसाचा चटका ओसरतो. सहा-सात आठवड्यांत रोपाला पाच-सहा पाने होतात, म्हणजे डिसेंबरमध्ये लागवड. पावसापासून आडोसा असलेली रोपवाटिका असेल तर ऑगस्टअखेर बी टाकून ऑक्टोबरच्या मध्यात रोपे लावता येतात. फूल बाजारात लवकर न्यायचे असेल तर ही वेळ सरस. मार्चनंतर बी टाकू नका, उगवण होईलही, पण एप्रिल-मेच्या झळीत कोवळी रोपे टिकत नाहीत.

एका गुंठ्यात ९० सेंटिमीटर रुंदीचे, दहा मीटर लांबीचे सात गादीवाफे बसतात, मध्ये ४५ सेंटिमीटरची वाट. वाफ्यावर तीन ओळी, रोपांत ३० सेंटिमीटर. सुमारे ७०० रोपे लागतात, म्हणजे ९८ कप्प्यांचे आठ ट्रे आणि नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरायला थोडी शिल्लक. बी अर्धा ग्रॅम पुरते. पाकिटे ग्रॅममध्ये न मिळता दाण्यांच्या संख्येत मिळत असतील तर अडीच हजार दाणे घ्या.

प्रश्न : पाकिटावर 'पांढरी, दुहेरी पाकळी' असे होते. निम्म्या झाडांना एकेरी फुले आली. पानेही पुस्तकातल्या चित्रासारखी पिसासारखी नाहीत, लांबट आणि दातेरी आहेत. फसवणूक झाली का? — इंदिरानगर, नाशिक

फसवणूक नाही, तुमच्याकडे दुसरी जात आली आहे. पांढरा यारो म्हणून दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. एक ॲकिलिया मिलेफोलियम. तिची पाने पिसासारखी बारीक चिरलेली, झुपका सपाट आणि उंची ६० ते ९० सेंटिमीटर. दुसरी ॲकिलिया टार्मिका. तिची पाने अरुंद, अखंड, कडेला दाते असलेली, आणि फुले गुंडीसारखी गोल, सैल झुपक्यात. 'द पर्ल' नावाने येणारे दुहेरी फुलाचे बी या दुसऱ्या जातीचे असते.

बियांपासून केलेल्या 'द पर्ल'मध्ये सगळीच झाडे भरगच्च दुहेरी निघत नाहीत. काही अर्धवट दुहेरी येतात, काही एकेरी. म्हणून पहिला बहर निवडीसाठी धरायचा. भरगच्च गुंड्यांची, ताठ दांड्याची झाडे निवडून दांड्याला रंगीत दोरा बांधा. एकेरी झाडे त्याच हंगामात मुळासकट काढा, नाहीतर त्यांचे बी पडून पुढच्या वर्षी वाफा मिसळ होतो. निवडलेल्या झाडांची पुढची वाढ बियांवर नको. शेवंतीच्या काश्या काढतो तशा पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात, गड्ड्याच्या कडेचे मुळे असलेले फुटवे काढून लावा. फुटव्यातून आलेले झाड हुबेहूब आईसारखे असते.

पाण्याच्या बाबतीतही दोघींची गरज वेगळी. मिलेफोलियमला कोरडे राहणे आवडते. टार्मिका मूळची ओलसर कुरणातली आहे, तिला थोडी ओल हवी आणि मार्चनंतर दुपारची सावली. बी मागवताना 'पांढरा यारो' एवढ्यावर न थांबता पूर्ण शास्त्रीय नाव विचारा.

प्रश्न : रोपे लावून चार महिने झाले. पाने हिरवीगार, पसारा मोठा, पण एकही दांडा नाही. ठिबकमधून दर आठवड्याला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखे असलेले खत) देतो. अजून काय द्यावे? — मोहाडी

अजून काही देऊ नका. जे देता ते थांबवा. पण फूल न येण्याचे मोठे कारण खत नाही, दिवसाची लांबी आहे.

यारो लांब दिवसाची वनस्पती आहे. मूळच्या प्रदेशात ती उन्हाळ्यात, पंधरा-सोळा तासांच्या दिवसांत दांडा सोडते. नाशिकचा डिसेंबरातला दिवस अकरा तासांच्या आसपास आणि जूनमधला सर्वांत मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आसपास. म्हणजे इथे झाडाला फुलण्याचा इशारा नीट मिळतच नाही. ते पानांचा चक्राकार पसारा करून बसून राहते किंवा उन्हाळ्यात उशिरा, तुरळक आणि आखूड दांडे देते. घरच्या वाफ्याला तेवढे चालेल. कापणीसाठी लावायचे तर रात्रीचा प्रकाश द्यायलाच हवा, हे आधीच हिशोबात धरा.

पॉलिहाऊसमध्ये शेवंतीचा बहर पुढे ढकलायला जे दिवे लावतात, तीच व्यवस्था इथे बहर आणायला वापरायची. रात्री १० ते २ असे चार तास. झाड मधल्या प्रकाशाने रात्रीचे दोन तुकडे करते आणि दिवस लांब आहे असे मानते. प्रखर उजेड लागत नाही, पानाच्या उंचीवर ८० ते १०० लक्स पुरतात. वर सांगितलेल्या गुंठ्यात दोन-दोन वाफ्यांमध्ये एक अशा चार ओळी, ९ वॉटचे एलईडी बल्ब पानांपासून दीड मीटर उंच आणि एकमेकांपासून दोन मीटरवर, म्हणजे वीस बल्ब. चार तासांना पाऊण युनिटही जळत नाही. मोबाइलमधल्या लक्स मोजणाऱ्या ॲपने वाफ्याच्या कोपऱ्यातल्या रोपाजवळ मोजा, बल्बखाली मोजून उपयोग नाही. कोपऱ्यात कमी भरले तर तिथे एक बल्ब वाढवा. नाहीतर मधली झाडे फुलतात आणि कडेची तशीच राहतात.

दिवे कधी सुरू करायचे? लागवडीनंतर पाच-सहा आठवड्यांनी, पसारा तळहाताएवढा झाल्यावर. त्याआधी लावले तर लहान झाड घाईने आखूड दांडा देते. सुरू केल्यापासून साधारण ७ ते ९ आठवड्यांत फूल, रात्री फार गार असतील तर थोडे जास्त. निफाडकडे काही वर्षी पारा ५ अंशांच्या खाली जातो, तिथे हा उशीर गृहीत धरा. मध्येच चार-पाच रात्री खंड पडला तर दांडे मागेपुढे होतात. आणि साधा चकतीचा टायमर वीज गेली की थांबतो, परत आल्यावर तेवढाच मागे पडतो. दहाचे दिवे पहाटे तीनला लागायला वेळ लागत नाही. आठवड्यातून एकदा घड्याळाशी ताडून पाहा किंवा बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या.

एक धोका. शेजारच्या वाफ्यात शेवंती असेल तर हाच प्रकाश तिच्या कळ्या रोखतो, कारण तिला लांब रात्र हवी असते. दोन पिकांत काळे प्लास्टिक उभे ताणा किंवा अंतर ठेवा.

आता खताकडे. यारो हलक्या, उपाशी जमिनीत ताठ राहतो. नत्र जास्त झाले की दांडा पोसट होतो, झुपक्याच्या वजनाने मधून वाकतो आणि वाकलेला दांडा बाजारात कोणी घेत नाही. लागवडीपूर्वी चौरस मीटरला एक किलो चांगले कुजलेले शेणखत, बस्स. कापणीनंतर नवे फुटवे यावेत म्हणून एकदा पातळ हात चालतो. आधी द्राक्ष किंवा टोमॅटो असलेल्या जमिनीत तेवढेही लागत नाही. तुमच्या वाफ्यात नत्र साचले असणार, तेव्हा महिनाभर फक्त पाणी द्या, तेही वरची दोन बोटे माती सुकल्यावर. दांडे निघण्यापूर्वी कार्नेशनला लावतात ती १५ सेंटिमीटर चौकोनाची जाळी जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर ताणून ठेवा. दांडे त्यातून वर आले की वाऱ्याचे भय उरत नाही.

प्रश्न : दांडे कापून लगेच पाण्यात ठेवले, तरी दोन तासांत माना टाकल्या. झुपके मात्र पांढरे, ताजे दिसत होते. — जानोरी

लवकर कापले. गुलाब कळीत कापायची सवय असलेल्या हातांकडून यारोत हीच चूक होते. यारो कळीत किंवा अर्धा उमललेला कापला तर पाण्यात पुढे उमलत नाही, मान टाकतो आणि परत उठत नाही. मिलेफोलियमच्या झुपक्यातली जवळजवळ सगळी फुले उघडलेली हवीत आणि मधल्या भागात पिवळसर पराग दिसला पाहिजे. दुहेरी टार्मिकात मधला भाग दिसत नाही, तिथे झुपक्यातल्या बहुतेक गुंड्या पूर्ण उलगडल्या की कापा.

खात्रीची परीक्षा एकच. झुपक्याच्या वीतभर खाली दांडा धरा आणि हलकेच हलवा. झुपका दांड्यासकट एकसंध हलला तर तयार. मान वेगळी डोलली, लवचिक वाटली, तर आणखी दोन-तीन दिवस द्या. शेतात मजुरांना रंग दाखवून सांगण्यापेक्षा ही परीक्षा करून दाखवा, चुका थांबतात.

सकाळी दव ओसरल्यावर कापा. ओले झुपके एकत्र बांधले की आत बुरशी धरते. दांडा ४५ ते ६० सेंटिमीटर ठेवा, खालच्या अर्ध्या भागातली पाने ओरबाडून काढा. पाण्यात बुडालेले यारोचे पान लवकर कुजते आणि पाण्याला घाण वास येतो. बादली आधी ब्लीचने धुतलेली असावी. पाण्यात लिटरमागे ब्लीचचे दोन-तीन थेंब टाका आणि एक दिवसाआड पाणी बदला. सावलीत तीन-चार तास पाणी पिऊ देऊन मग दहा-दहाचे गुच्छ करा. असा माल फुलदाणीत आठवडा ते दहा दिवस टिकतो. पहिली कापणी जमिनीपासून १० सेंटिमीटरवर, फुटव्याचा डोळा राखून करा. दिवे चालू राहिले तर खालून पुन्हा दांडे येतात, थोडे बारीक.

सुकवायचे असतील तर हेच पूर्ण उमललेले दांडे दहा-बाराच्या जुडीत उलटे, अंधाऱ्या हवेशीर खोलीत दोन-तीन आठवडे टांगा. सुतळीने बांधू नका, रबर लावा. दांडा सुकून आकसतो आणि सुतळीतून निसटून खाली पडतो. पांढरा रंग सुकल्यावर मलईकडे झुकतो. उजेडात किंवा शिळे सुकवले तर तपकिरी पडतो. फेब्रुवारी ते एप्रिलची कोरडी हवा यासाठी उत्तम, पावसाळ्यात प्रयत्न करू नका.

प्रश्न : बंगल्याच्या कुंपणालगत काळ्या मातीत मिश्र फुलझाडांचा पट्टा केला. जुलैत यारोचे गड्डे मधून काळे पडून सडले. — गंगापूर रोड, नाशिक

थंडी आणि ऊन सोसणारी ही वनस्पती पाय ओले राहिले की मरते. काळी माती पावसात आठवडाभर सुकत नाही आणि गड्ड्याचा गळा कुजतो. औषध ओतून तो परत येत नाही. पट्टा जमिनीपेक्षा ३० सेंटिमीटर उंच करा. वरच्या थरात निम्मी माती आणि निम्मा बारीक मुरूम किंवा जाड वाळू. चुनखडीची, आठच्या आसपास सामू (पीएच) असलेली जमीन यारोला चालते, त्याची काळजी नको. जूनच्या पहिल्या आठवड्यात झाडे ८ ते १० सेंटिमीटरवर छाटून खालची जुनी पाने साफ करा. पालापाचोळ्याचे आच्छादन गड्ड्यावर नको, बोटभर लांब ठेवा. दोन-तीन मातृझाडे कुंडीत लावून पावसाळाभर छपराखाली ठेवली तर वाफा गेला तरी वाण जात नाही. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात मात्र उघड्यावर लावूच नका.

सोबतीला काय लावावे हेही विचारले आहे. गलांडा, कोरिऑप्सिस आणि निळा साल्व्हिया, कारण तीनही कमी पाण्यात आणि कमी खतात राहतात. पुढे बुटका गलांडा, मध्ये तीन-चार यारोंचा एक पुंजका, मागे साल्व्हिया. गुलाबाच्या आळ्यात यारो नको. गुलाबाला लागणारे पाणी आणि खत यारोला आडवा पाडते. जमिनीखालून पसरणारे फुटवे दर वर्षी ऑक्टोबरात फावड्याने कडेला कापा आणि दोन-तीन वर्षांनी गड्डा उचलून विभागा. मधला जुना भाग टाकून द्यायचा, कडेचे ताजे तुकडे लावायचे.

प्रश्न : पानांवर पांढरी पावडर आली आहे. — ओझर

भुरी. द्राक्षवाल्यांना ती नवी नाही, पण ही बुरशी वेगळी आहे, बागेतून यारोवर येत नाही. दाट लागवड आणि कोंदट हवा हे कारण. जुनी पाने काढून वाट मोकळी करा, विरळणी करा. पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम, सकाळी, तापमान ३२ अंशांच्या आत असताना. झुपका पांढरा दिसू लागला की फवारणी बंद, कारण डाग फुलावर राहतात. कोवळ्या दांड्यावर मावा दिसला तर ५ टक्के निंबोळी अर्क, पानाच्या खालून.

प्रश्न : खुरपणीला आलेल्या बायकांनी निम्मी रोपे गाजर गवत समजून उपटली. आणि एकीच्या हाताला खाज सुटली. या झाडाचे काही वाईट तर नाही? — सिन्नर

लहानपणी दोन्ही रोपे खरेच सारखी दिसतात, दोन्ही एकाच कुळातली. फरक असा. यारोचे पान लांबट, पिसासारखे, केसाएवढ्या बारीक चिरांचे, आणि चुरगाळले की औषधी, कापरासारखा वास येतो. गाजर गवताचे पान रुंद, त्याच्या चिरा मोठ्या. ते लवकरच उभे खोड करून फांद्या फोडते, यारो महिनोन्‌महिने जमिनीलगत बसून असतो. पहिल्या खुरपणीपर्यंत ओळींच्या टोकाला काठ्या रोवा आणि ओळीतले तण रोप ओळखणाऱ्या माणसाकडूनच काढून घ्या.

खाजेचे म्हणाल तर गाजर गवताची ॲलर्जी असलेल्यांना यारोचाही त्रास होऊ शकतो, दोन्हींत एकाच गटाची रसायने असतात. अशा बाईला कापणीचे आणि पाने ओरबाडण्याचे काम देऊ नका. बाकीच्यांनीही हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा. कुत्री, मांजरे आणि घोडे यांनी यारो खाल्ला तर त्यांना बाधतो, म्हणून छाटलेला पाला गोठ्याकडे किंवा अंगणात न टाकता कंपोस्टच्या खड्ड्यात घाला. यारोचा काढा घरगुती औषध म्हणून घेण्याबद्दलही पत्रात विचारणा आहे. गर्भवतींनी तो अजिबात घेऊ नये, इतरांनी वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि फवारणी केलेल्या वाफ्यातले पान पोटात जाता कामा नये.